सर्दी-खोकल्याला सुई नको, तपासणी हवी

पावसाळा लागला की वस्तीत घरोघरी सर्दी, खोकला, ताप सुरू होतो. दुसऱ्याच दिवशी आपण गल्लीतल्या दवाखान्यात जाऊन म्हणतो, "डॉक्टर, सुई द्या, उद्या कामावर जायचंय." खाडा झाला की मजुरी बुडते, म्हणून ही घाई. ती आम्हाला समजते. पण साध्या सर्दीत सुईने पैसे जातात आणि आजार आपल्या वेळेनेच जातो, हे स्पष्ट सांगायला हवे.

बहुतेक सर्दी-खोकला विषाणूंमुळे होतो. अँटिबायोटिक जिवाणूंवर चालते, विषाणूंवर नाही. कफ पिवळा-हिरवा झाला म्हणून ते लागतेच असे नाही. पाकिटावर उभी लाल रेघ असलेल्या गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका. त्या ऊठसूट घेतल्या तर खऱ्या गरजेच्या वेळी लागू पडत नाहीत. साध्या सर्दीला विश्रांती, भरपूर पाणी, नेहमीचे जेवण आणि तापाला पॅरासिटामॉल पुरते. मुलांना अ‍ॅस्पिरिन देऊ नका.

मग डॉक्टरांकडे जायचेच नाही का? जरूर जायचे, पण सुई मागायला नव्हे, तपासून घ्यायला. छाती तपासली का, हे औषध कशासाठी, असे विचारणे हा आपला हक्क आहे.

मुलाचा श्वास तर घरीही मोजता येतो. मूल शांत असताना घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजा. दोन महिन्यांच्या आतील बाळाचे श्वास 60 किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षाच्या आतील बाळाचे 50 किंवा जास्त, एक ते पाच वर्षांच्या मुलाचे 40 किंवा जास्त भरले, तर न्यूमोनिया असू शकतो; त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. श्वास घेताना छाती आत ओढली जात असेल, मूल दूध पीत नसेल किंवा ओठ निळे पडले असतील, तर थेट मोठे रुग्णालय गाठा.

गरोदर बाया, म्हातारी माणसे, दमा आणि मधुमेहाचे रुग्ण यांनी ताप-खोकला अंगावर काढू नये. फ्लूवर ऑसेल्टामिवीर हे औषध आहे. ते डॉक्टरांच्या सल्ल्याने पहिल्या 48 तासांत सुरू झाले तर जास्त उपयोगी पडते. खोकला दोन आठवडे टिकला तर थुंकी तपासून घ्या. क्षयाची तपासणी आणि औषधे सरकारी दवाखान्यात मोफत आहेत.

येत्या रविवारी विहारात जमाल, तेव्हा आशाताईंना बोलवा आणि श्वास मोजायला सगळ्यांनी शिका. त्याला पैसा लागत नाही, आणि वेळेवर मोजलेला श्वास एखाद्या लेकराचा जीव वाचवू शकतो.