मिरवणुकीतला दिवा

वाचकहो, या पंधरवड्यात घरातील मोठ्यांसोबत बसून पाहावा असा एक चित्रपट सुचवतो. नागराज मंजुळे यांचा, २०१४ साली प्रदर्शित झालेला ‘फँड्री’. मंजुळे मूळचे जेऊरचे. दौंडहून सोलापूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील हे स्थानक आपल्यापैकी अनेकांच्या परिचयाचे आहे. त्यामुळे पडद्यावरील माळरान आणि बोली शिरूर-दौंडच्या वाचकांना परकी वाटणार नाही.

कैकाडी कुटुंबातील जब्या शाळकरी वयाचा आहे. त्याला वर्गातील शालू आवडते. पण त्याहून खोल ओढ आहे ती गावाने आपल्याला आपले म्हणावे याची. जत्रेच्या मिरवणुकीत त्याला इतरांसारखे नाचायचे असते. प्रत्यक्षात त्याच्या डोक्यावर दिवा येतो. मिरवणूक त्याच्या उजेडात चालते, पण तो मिरवणुकीतला नसतो.

जब्याच्या दुःखाचे मूळ जातिव्यवस्थेत आहे. त्याची बरोबरी अन्य दुःखाशी करणे योग्य नव्हे. तरीही हे दृश्य पाहताना आपल्या घराकडे एकदा वळून पाहावे. शिरूर तालुक्यातील वाडीवर हयात घालवलेले आजोबा उतारवयात दौंडला मुलाकडे राहायला येतात. औषधे वेळेवर मिळतात, जेवण गरम मिळते. ते नातवंडांना शाळेत सोडतात, घर राखतात. मात्र घरात काही ठरवायचे झाले की त्यांना कोणी विचारत नाही. घरात असणे आणि घरातले असणे, यांतील हे अंतर शुश्रूषेने भरून निघत नाही.

एकाकीपणाने शरीरही खंगते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली सामाजिक नातेसंबंधांविषयी स्वतंत्र आयोग नेमला, तो याच चिंतेतून.

चित्रपट सुमारे पावणेदोन तासांचा आहे. दुपारी, मध्ये विश्रांती घेऊन पाहावा. ऐकू कमी येत असेल तर मोठ्यांना दूरचित्रवाणीजवळ बसवावे. असा अपमान ज्यांनी स्वतः सोसला आहे, त्यांना तो जड जाईल; म्हणून आधी त्यांची इच्छा विचारावी. शेवट अस्वस्थ करणारा आहे. तो संपताच उठून जाऊ नये. एवढेच विचारावे, “तुम्हाला कधी असं परकं वाटलं होतं का?” उत्तर येईल तेव्हा सल्ला देऊ नये, समजूत घालू नये, फक्त ऐकावे.

दुसऱ्या दिवशी घरातील एखाद्या खऱ्या निर्णयात त्यांचे मत घ्यावे आणि शक्य असेल तर त्याप्रमाणे वागावे. उदासी, निद्रानाश वा अन्नावरची वासना उडणे दोन आठवड्यांहून अधिक टिकले, तर मात्र वयाचा दोष न मानता डॉक्टरांना दाखवावे.

आणि ज्येष्ठ वाचकहो, आपणही संकोच सोडावा. परके वाटत असेल तर तसे घरच्यांना सांगावे. दिवा धरणाऱ्याचा चेहरा अंधारातच राहतो. त्याने हाक दिली, तरच पुढे चालणारे मागे वळून पाहतात.