दान वेगळे, हक्क वेगळा



इंदरगंजात चार मराठी डोकी जमली आणि गरिबीचा विषय निघाला, की एक वाक्य हमखास ऐकू येते : "हाताची पाचही बोटे सारखी नसतात. पूर्वजांनी दानधर्म केला, तो आपण चालू ठेवावा, म्हणजे झाले." आम्हांला हे मान्य नाही.

दानाचा मार्ग थोरामोठ्यांनी आजमावून झाला आहे. विनोबांनी 1951 साली भूदान सुरू केले. त्यांच्या शब्दाचे वजन आपल्या भागाने पाहिले आहे. 1960 साली चंबळच्या डाकूंनी त्यांच्यापुढे शस्त्रे ठेवली. अशा माणसाने देशभर पायी फिरून पाच कोटी एकर जमीन मागितली. मिळाली ती त्याच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी, आणि त्यातलीही पुष्कळशी भूमिहीनांपर्यंत पोहोचलीच नाही. विनोबांना जे साधले नाही, ते आपल्या सणावारच्या अन्नदानाने साधेल काय?

आपल्याच महू येथे जन्मलेल्या बाबासाहेबांनी 1947 साली वेगळी वाट मांडली. शेती व मूलभूत उद्योग सरकारच्या मालकीचे असावेत आणि ही व्यवस्था घटनेतच लिहावी, म्हणजे ती कोणाच्या मर्जीवर राहणार नाही, असे त्यांचे म्हणणे. सरकारी शेती आम्हांलाही पटत नाही; पण मर्जीचा मुद्दा बिनतोड आहे.

मधला मार्ग महाराष्ट्रात वि. स. पागे यांनी दाखवला. मागेल त्याला काम, ही रोजगार हमी. 1977 साली तिचा कायदा झाला. खर्चासाठी शहरातल्या नोकरदार-व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसला. कोणाची जमीन हिसकावली नाही, कोणाला हात पसरावा लागला नाही. पुढे 2005 साली केंद्रानेही रोजगार हमीचा कायदा केला.

हक्क दिले की लोक आळशी होतात, असे म्हणणाऱ्यांना एक आठवण द्यावीशी वाटते. 1951 साली मध्य भारतात जहागिरी गेल्या, तेव्हा कायद्याने भरपाई ठरली. जहागीरदार घराण्यांनी ती भिक्षा म्हणून नव्हे, हक्क म्हणून घेतली. 1971 साली संस्थानिकांचे तनखे बंद झाले, तेव्हा दिलेला शब्द मोडला म्हणून आपण हळहळलो. म्हणजे हक्काचा अर्थ आपल्याला चांगला कळतो. तो फक्त दुसऱ्याने मागितला की खटकतो.

वर्षानुवर्षे आपल्याकडे धुणीभांडी करणाऱ्या बाईला आपण दिवाळीला साडी देतो आणि धन्य होतो. तिने आठवड्याची एक सुट्टी मागितली, की मात्र "फार शेफारली" म्हणतो. साडी ही आपली मर्जी, सुट्टी हा तिचा हक्क. साडी जरूर द्या; पण आधी सुट्टी द्या, पगार ठरल्या तारखेला द्या, आजारपणाचे पैसे कापू नका. विषमतेवर व्याख्याने ठेवण्यापूर्वी मंडळाच्या प्रत्येक घराने एवढे करावे.