मनी आणि खोकली

गेल्या दिवाळीत आमच्या भाचीने पुण्याहून येताना मनीसाठी कॅटनिपची पुडी आणली. पुदिन्याच्या कुळातील एका विलायती वनस्पतीची ही वाळलेली पाने. त्यांच्या वासाने मांजरे खुळावतात म्हणे. आम्ही चिमूटभर चुरा जाजमावर टाकला. मनीने हुंगला आणि आमच्याकडे उपेक्षेने पाहून ती निघून गेली. तिचा दोष नव्हता. सुमारे एकतृतीयांश मांजरांवर या वासाचा परिणामच होत नाही, आणि हा गुण बहुतांशी वंशपरंपरेने येतो.

यंदा श्रावणात साकेत नगरातील आमच्या अंगणात तण माजले. माळ्याने ते उपटून ढीग केला, तो मनी त्यावर गडबडा लोळू लागली! तोंडातून लाळ, डोळे तारवटलेले. आम्हांस वाटले, हिला फेफरे आले. जवळ जाऊन पाहिले, तर ती खोकलीच्या मुळांना बिलगली होती. इकडे हिंदी शेजारी जिला कुप्पी म्हणतात, तीच ही. विलायती पुडीकडे पाठ फिरविणारी मनी देशी मुळावर भाळली, याचे आम्हांस कौतुक वाटले, आणि त्या कौतुकातच आम्ही चुकलो. तिने मुळे चावून खाल्ली. रात्री दोनदा ओकली.

सकाळी पशुवैद्यांनी पहिला प्रश्न केला, "वाफ्यात काही फवारले होते का?" फवारले होते, आठवड्यापूर्वी, आम्हीच. ओकारी औषधाची की मुळाची, हे त्यांनाही ठामपणे सांगता येईना. देशी वैद्यकात खोकलीचा रस ओकारीसाठीच देत असत. दोन दिवसांनी मनी दूध पिऊ लागली, तेव्हा कोठे आमच्या घशाखाली घास उतरला.

त्यांनी सांगितले ते असे : हे हुंगावयाचे आहे, खावयाचे नव्हे. मांजराला वेड लागते ते नाकाने. दहा-पंधरा मिनिटांत ते ओसरते आणि पुढे तास-दोन तास पुन्हा लागत नाही. तेव्हा ढीग पुढ्यात ठेवण्यात अर्थ नाही. लहान पिलांना व गाभण मांजरीला देऊ नये. कॅटनिपचे तेल तर घरात आणूच नये, ते फार तीव्र असते. आणि लोळत्या मांजरीला उचलू नये. आमच्या मनगटावरील ओरखडा अद्याप दिसतो.

आता कुंडीत, फवारणीविना, खोकलीचे एक रोप आम्ही मुद्दाम राखले आहे. आठवड्यातून एकदा बोटभर मूळ धुऊन, कापडात घट्ट शिवून मनीला देतो आणि खेळ संपताच उचलून ठेवतो. पुडी अजून कपाटात आहे. भाचीला कळवावयाचे राहिले आहे.