‘बेकायदा’ हे विशेषण कोणाचे?

जॉन स्टाइनबेक यांची ‘द ग्रेप्स ऑफ रॉथ’ (१९३९) ही कादंबरी आपल्याकडे विस्थापनाची करुण गाथा म्हणून वाचली आणि शिकवली जाते. त्यात वावगे काहीच नाही. मात्र मजुरीचा दर कसा पडतो याचा रोखठोक हिशेबही याच कादंबरीत आहे, आणि त्याकडे आपण साहित्याची माणसे सहसा फिरकत नाही. हूपर रँचवर पीच तोडायला गेलेल्या जोड कुटुंबाला खोक्यामागे पाच सेंट मिळतात. फाटकाबाहेर संप चालू असतो, म्हणून हा दर. संपकऱ्यांना देऊ केलेला दर अडीच सेंटांचा असतो, आणि संप मोडताच आतल्यांची मजुरीही तेवढीच होते.

जोड कुटुंब परदेशी नव्हते, हे येथे ध्यानात घ्यावे. ते ओक्लाहोमाचे, म्हणजे अमेरिकेचेच नागरिक. तरीही अशा कफल्लक नागरिकांना अडवण्यासाठी लॉस एंजेलिसच्या पोलीसप्रमुखाने १९३६ साली राज्याच्या सीमेवर शिपाई उभे केले होते. बाहेरच्या निर्धनाला राज्यात आणणे हा कॅलिफोर्नियात गुन्हा होता. तो कायदा सर्वोच्च न्यायालयाने १९४१ मध्ये रद्द केला. माणूस ‘बेकायदा’ ठरण्यासाठी देशाची सीमा ओलांडावीच लागते असे नाही, एवढे यावरून दिसते.

आज हे विशेषण प्रामुख्याने मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतून आलेल्या मजुरांना लावले जाते, आणि त्यांच्यावरचा आरोप जुनाच आहे: हे आमची कामे घेतात, आमची मजुरी पाडतात. साहित्याच्या वर्गात या आरोपाची संभावना परकीयद्वेष म्हणून केली जाते आणि विषय तेथेच मिटतो. आम्हाला हे अप्रामाणिक वाटते. सेसार चावेझ यांच्या शेतमजूर संघटनेने १९७४ साली कागदपत्रे नसलेल्या मजुरांविरुद्ध मोहीम चालवली होती, कारण संप मोडण्यासाठी मळेवाले त्यांनाच आणत असत. चावेझ स्वतः मेक्सिकन वंशाचे होते. त्यांची तक्रार वंशद्वेषाची नव्हती, पोटाची होती.

अर्थशास्त्रज्ञांचेही या बाबतीत एकमत नाही. १९८० साली क्यूबाच्या मारिएल बंदरातून सुमारे सव्वा लाख माणसे काही महिन्यांत फ्लोरिडात आली. ती बेकायदा मजूर नव्हती, सरकारने त्यांना राहू दिले होते. पण मजुरांची संख्या अचानक वाढल्यास काय होते, हे पाहण्याची ती संधी ठरली. डेव्हिड कार्ड यांना १९९० साली मायामीतील अकुशल मजुरीवर जवळजवळ काहीच परिणाम आढळला नाही. पुढे जॉर्ज बोर्हास यांनी शालेय शिक्षण अर्धवट सोडलेल्यांची आकडेवारी वेगळी काढली, तेव्हा त्यांना मोठी घट दिसली. त्यांनी निवडलेला नमुना फार लहान होता, असा आक्षेप त्यावर घेतला गेला. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या २०१६ च्या अहवालाचा सूर असा, की दीर्घकाळात एकूण मजुरीवरचा परिणाम अल्प असतो. झळ बसलीच तर ती आधी आलेल्या स्थलांतरितांना आणि अल्पशिक्षित स्थानिकांना बसते. म्हणजे तक्रार खोटी नाही, पण ती समाजाच्या अगदी तळच्या थराची आहे.

मग माणसे हटवली की मजुरी वाढते का? त्याचाही अनुभव उपलब्ध आहे. १९४२ पासून करारावर मेक्सिकन शेतमजूर आणणारी ‘ब्रासेरो’ योजना १९६४ अखेर बंद झाली, ती स्थानिकांची मजुरी वाढेल या आशेने. मायकेल क्लेमेन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ साली दाखवून दिले, की जेथून हे मजूर गेले त्या राज्यांत मजुरी इतरांपेक्षा वेगाने वाढली नाही. शेतमालकांनी टोमॅटो तोडणारी यंत्रे आणली, यंत्र नसलेली पिके कमी केली. याउलट १९६५ साली डेलानोत द्राक्षमळ्यांतील मजुरांनी जो संप पुकारला, त्याची परिणती १९७० मध्ये करारांत झाली आणि मजुरी वाढली. ब्रासेरो नसल्यामुळे संप करणे सोपे झाले, हे मान्य करावेच लागेल. पण दर वाढवला तो संघटनेने.

येथे कायद्याची भाषा वाचण्यासारखी आहे. बेकायदा आलेल्या माणसाला आसरा देणे हा १९५२ च्या कायद्याने गुन्हा ठरवला, आणि त्याच कायद्यात म्हटले, की त्याला नोकरी देणे म्हणजे आसरा देणे नव्हे. टेक्सासच्या शेतमालकांसाठी घातलेली ही पळवाट १९८६ पर्यंत टिकली. त्या वर्षीच्या कायद्याने सुमारे २७ लाख लोकांना कायदेशीर दर्जा दिला आणि मालकालाही दोषी ठरवले. मात्र त्याने ‘जाणूनबुजून’ कामावर ठेवले असेल तरच. २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निर्णय दिला, की संघटना बांधतो म्हणून मालकाने नियमबाह्यपणे काढून टाकलेल्या मजुराकडे कागदपत्रे नसतील, तर बुडालेल्या पगाराची भरपाई त्याला मिळणार नाही. चूक मालकाची, भुर्दंड मजुराला. मग जो मजूर तक्रारच करू शकत नाही, त्यालाच कामावर ठेवणे मालकाच्या फायद्याचे ठरते. आणि त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या नागरिक मजुराची घासाघीस करण्याची ताकदही तेवढीच घटते.

आमचे म्हणणे एवढेच, की मजुरी पडते ती नव्या हातांच्या येण्याने कमी आणि ते हात हक्कावाचून राहिल्याने अधिक. कागदपत्रे असोत वा नसोत, केलेल्या कामाचा पूर्ण दाम आणि दाद मागण्याची सोय मजुराला मिळाली पाहिजे. ही त्याच्यावर केलेली दया नव्हे. स्थानिक मजुराचे हितही त्यातच आहे. ‘बेकायदा मजूर’ हा शब्दप्रयोग आपण सहज करतो. ‘बेकायदा मालक’ मात्र कानाला खटकतो. तो का खटकतो, हा प्रश्न भाषा शिकवणाऱ्यांनी वर्गात विचारायला हवा. आणि स्टाइनबेक शिकवताना विद्यार्थ्यांचे डोळे पाणावले, तर त्यांना त्या अडीच सेंटांचा हिशेबही फळ्यावर मांडायला सांगावा.