समुद्रात बुडवलेली वाइन: चव महाग की गोष्ट?

समुद्रतळाशी मुरवलेल्या स्पार्कलिंग वाइनच्या बाटल्यांचे फोटो तुम्हीही पाहिले असतील. हे फॅड आलं कुठून?

२०१० मध्ये बाल्टिक समुद्रात बुडालेल्या जहाजात सुमारे १७० वर्षं जुनी शॅम्पेन सापडली. काही बाटल्या अजूनही पिण्याजोग्या होत्या!

कसं शक्य आहे?
देवळाली प्रवराच्या चाळीत कांद्याला वारा लागतो; वाइनला उलट अंधार आणि स्थिर गारवा लागतो. बाल्टिकच्या तळाशी दोन्ही मिळतात. शिवाय ५० मीटर खोलीवर पाण्याचा दाब बाटलीतल्या वायूच्या दाबाच्या जवळपास असतो, म्हणून बुडबुडे टिकतात.

मग अडचण काय?
कॅलिफोर्नियात परवानगीशिवाय समुद्रात बुडवलेल्या सुमारे २,००० बाटल्या २०२३ मध्ये ओतून टाकल्या. बुचातून दूषित पाणी आत शिरण्याचा धोका होता. विक्रीचा भाव? बाटलीमागे ५०० डॉलरपर्यंत!

आपल्याकडे जमेल?
कोकण किनाऱ्याचं वरचं पाणी २८ अंशांच्या आसपास, वाइनला हवेत १०-१५. म्हणजे नाशिकच्या वायनरीतलं थंड तळघरच बरं.

थोडक्यात, समुद्र म्हणजे फुकटचा फ्रीज. तोही सगळीकडे चालू नसतो. बाटलीवरचे शिंपले पाहून पैसे मोजण्याआधी एवढं लक्षात ठेवा.