तापाची वही

रोवणीचे दिवस होते. सालेकसा तालुक्यातील एक आजी सात वर्षांच्या नातवाला घेऊन सायंकाळी माझ्या दवाखान्यात आल्या. मुलाला रक्ताचा कर्करोग; उपचार नागपूरला सुरू. अंगात १०१ अंश ताप होता, तरी मूल हसतबोलत होते. मी पॅरासिटामॉल लिहिले आणि ‘सकाळी पाहू’ म्हणालो. आजींनी पिशवीतून एक वही काढली. “डॉक्टरसाहेब, ताप आला तर आधी इथं फोन करायचा, असं सिस्टरबाईंनी सांगितलंय.”

पलीकडून परिसेविका शांतपणे म्हणाल्या, “सर, केमो होऊन दहा दिवस झालेत. सकाळपर्यंत थांबू नका.” त्याच रात्री गोंदियात रक्त तपासले. पांढऱ्या पेशी अगदी कमी झाल्या होत्या. लगेच शिरेतून प्रतिजैविके सुरू झाली आणि मूल बचावले. चूक माझी होती. ती एका परिचारिकेने आणि एका आजीने सुधारली.

केमोथेरपीनंतर साधारण सात ते चौदा दिवसांत पांढऱ्या पेशी सर्वांत कमी होतात. अशा वेळी ताप हीच अनेकदा जंतुसंसर्गाची एकमेव खूण असते. पू होत नाही, सूज दिसत नाही. मूल काही तासांत अत्यवस्थ होऊ शकते. म्हणून रुग्णालयात पोहोचल्यापासून तासाभरात प्रतिजैविक मिळावे, असा दंडक आहे.

मुलांमध्ये सर्वाधिक आढळणाऱ्या रक्ताच्या कर्करोगाचा उपचार दोन ते तीन वर्षे चालतो. त्यातील बराच काळ मूल घरी असते व बाह्यरुग्ण विभागात किंवा डे-केअरमध्ये येऊन-जाऊन औषध घेते. गोंदियाहून नागपूर रेल्वेने सुमारे १३० किलोमीटर. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयासाठी विदर्भ एक्स्प्रेसची रात्र. या अंतरावर घर आणि रुग्णालय यांना जोडणारा दुवा म्हणजे परिचारिका.

म्हणूनच तिच्याकडे केवळ सुया टोचणारी म्हणून पाहणे चुकीचे आहे. वही कोणी द्यायची, फोन कोणी उचलायचा, तापलेल्या मुलाला रांगेतून आधी आत कोणी घ्यायचे, हे ठरवण्याचा अधिकार अनुभवी परिसेविकेकडे असला, तर वेळ वाचतो. तिने वर्षानुवर्षे मिळवलेले कौशल्य दर काही महिन्यांनी दुसऱ्या विभागात बदली करून वाया घालवू नये, असे बालकर्करोगाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे निकषही सांगतात. श्रीमंत देशांत कर्करोग झालेल्या पाचपैकी चारांहून अधिक मुले बरी होतात. २०३० पर्यंत जगभरात किमान ६० टक्के मुले वाचावीत, असे जागतिक आरोग्य संघटनेचे २०१८ पासूनचे उद्दिष्ट आहे. ते केवळ महागड्या औषधांनी गाठता येणार नाही.

शेतावर गेलेल्या आईवडिलांच्या मागे मुलाला सांभाळणाऱ्या आजी-आजोबांनी एवढे ध्यानी ठेवावे:

• घरी डिजिटल थर्मामीटर ठेवा. ताप १००.४ अंश फॅरनहाइट किंवा अधिक असल्यास, रात्र असली तरी त्वरित फोन करा व निघा.

• विचारल्याविना पॅरासिटामॉल देऊ नका. ताप झाकला जातो. अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन टाळा. गावात स्नायूत इंजेक्शन घेऊ नका. गुदद्वारातून औषध देऊ नका वा ताप मोजू नका.

• मेथोट्रेक्सेटच्या गोळ्या बहुधा आठवड्यातून एकदाच असतात. त्या रोज दिल्यास जिवावर बेतू शकते. ठरलेला वार वहीत मोठ्या अक्षरांत लिहा. वाचता येत नसेल तर शेजारच्या शाळकरी मुलाकडून खूण करून घ्या.

• कोणत्याही दवाखान्यात गेलात तरी वही आधी दाखवा. डॉक्टर घाईत असले तरी दाखवा.

त्या आजींनी तसे केले, याबद्दल मी आजही त्यांचा ऋणी आहे.