रीलवरचा क्यूआर कोड स्कॅन कोणी करायचा?

महारेराच्या एप्रिल 2025 च्या आदेशावरून वाचकांची पत्रे अजून थांबलेली नाहीत. जाहिरातीत नोंदणी क्रमांक, महारेराचे संकेतस्थळ आणि क्यूआर कोड उजवीकडच्या वरच्या भागातच हवा, अक्षर संपर्क क्रमांकाइतके किंवा त्याहून मोठे हवे. चूक झाली तर 50 हजारांपर्यंत दंड, आणि दहा दिवसांत दुरुस्ती नाही केली तर उल्लंघन चालूच धरणार. वर्तमानपत्राच्या पानासाठी हे ठीक. पण द्रोणागिरीतला एजंट पानावर जाहिरात देतो कधी? तो रील टाकतो आणि गिऱ्हाईक ती मोबाइलवर बघते. मोबाइलवर दिसणारा कोड त्याच मोबाइलने स्कॅन करायचा कसा? बायकोचा फोन मागून? बरे, कोड काढेपर्यंत रील पुढे सरकलेली असते. स्क्रीनशॉट काढून कोड तपासणारे गिऱ्हाईक कोणाला भेटले असेल तर कळवा, त्याचा जाहीर सत्कार करू. बोटाने दाबली की प्रकल्पाचे पान उघडेल अशी लिंक सक्तीची केली असती तर काम झाले असते. आता नोटीस बिल्डरच्या नावे निघते आणि रात्री दहाला फोन आपल्याला येतो, ‘ती रील आधी काढ.’

नियमाची गरज नव्हती असे मात्र कोणी म्हणू नये. 12 जानेवारी 2024 ला अटल सेतूचे आणि खारकोपर-उरण लोकलचे उद्घाटन झाले, तेव्हापासून उरण तालुक्यातली प्रत्येक जमीन ‘सेतूपासून दहा मिनिटे’ झाली. विमानतळ झाल्यावर तर विचारूच नका. शेतजमिनीचे तुकडे ‘प्लॉट’ म्हणून रीलवर विकणारे आपल्यातलेच आहेत, आणि त्यांतल्या काहींकडे एजंटाची नोंदणीसुद्धा नाही.

आता पैशाचे बोलू. दहा हजारांची जाहिरात चालवली की 18 टक्के जीएसटीचे 1,800 वेगळे. स्वतःचा जीएसटी क्रमांक नसेल तर ते परत मिळत नाहीत. समजा 40 लाखांचा फ्लॅट आणि एक टक्का ब्रोकरेज, म्हणजे 40 हजार हातात. त्यातून जाहिरात, साईट व्हिजिटची गाडी आणि पोराचा पगार वजा करा. सौदा महिन्यात बसला तर ठीक, तीन महिने लांबला तर कमाई झाली ती फक्त फेसबुकची. लीड तरी कसली येते? फॉर्ममध्ये नाव-नंबर आपोआप भरलेला असतो, अंगठा चुकून लागतो आणि फोन केला की ‘मी कुठे फॉर्म भरला?’ ‘हायर इंटेन्ट’चा फॉर्म लावा, माहिती तपासून मग पाठवावी लागते. लीड कमी येतील, पण माणसे खरी येतील. एवढे साधे कामही अर्धे सभासद करत नाहीत आणि लीड फुकट गेल्याची पत्रे आम्हाला लिहितात.

भाड्याच्या घरांना जाहिरातीची गरजच काय? कंटेनर यार्डात (सीएफएस) आणि बंदरावर काम करणारा माणूस वॉचमनला विचारून येतो. रिसेलला मात्र सोशल मीडिया चालतो, खोटे नको बोलायला. पण तिथे ड्रोनचे शॉट आणि गाणे उपयोगी पडत नाही. सिडकोचे हस्तांतरण शुल्क किती, ना हरकत दाखला कसा मिळतो, सोसायटीत पाणी किती वेळ येते, रात्री कंटेनरचा आवाज किती, हे तोंडावर सांगणाऱ्या साध्या व्हिडिओवरून फोन करणारा पाहणी करायला येतो. त्याला बूस्टही लागत नाही.

म्हणून दोन कामे, याच महिन्यात. वहीत प्रत्येक सौद्यासमोर गिऱ्हाईक कुठून आले ते लिहा. वॉचमन, जुना ग्राहक, व्हॉट्सअॅप, रील, जे असेल ते. आणि कोडऐवजी लिंक चालावी असा अर्ज महारेराकडे न्यायचा आहे. त्याला जोडायला आपापल्या रीलचे स्क्रीनशॉट, कोड दिसतो तसे, 25 तारखेच्या आत कार्यालयात पोचवा. ज्यांची नोंदणी नाही त्यांनी ते आधी स्वतःपुरते मिटवावे. त्यांचे स्क्रीनशॉट आम्ही जोडणार नाही.